शनिवारी न उचललेल्या नळ्या

८ मे, मंगळवार

बाबा काय काम करतात असं कुणी विचारलं की माझी जीभ का अडखळते? या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. तीन वर्षं प्राणिशास्त्र शिकले, पदवी घेतली, आमच्या घरातली पहिली. आणि ती तीन वर्षं विद्यापीठात सगळ्यांना सांगत राहिले की माझे वडील जमिनीच्या देखभालीचं काम बघतात. हे अगदी खोटं नाही. खरंही नाही. बाबा भुईचिचुंद्र्या पकडतात. शेतांत, बागांत, हिरवळीखाली बोगदे करून वर मातीचे ढिगारे टाकणाऱ्या चिचुंद्र्या. अख्ख्या खोऱ्यात त्यांना इथेल चिचुंद्रीवाला म्हणतात, जसं गेथिन टपालवाला. वेल्समधल्या गावात माणसाला आडनाव असून उपयोग नसतो. मी चिचुंद्रीवाल्याची मेरेरिड.

पदवीनंतरही विद्यापीठातच राहून काम करत होते, आज घरी परत आले. बसमध्ये शेजारी एक इंग्लिश बाई होत्या, सुट्टीवर आलेल्या. आमच्या घरासमोरचं काटेरी तारेचं कुंपण दिसलं आणि त्या दचकल्या. तारेवर अकरा चिचुंद्र्या ओळीनं टांगलेल्या होत्या. मुठीएवढ्या, काळ्या मखमलीच्या, गुलाबी पंजे बाहेर वळलेले.

“कुणाचं हे काम?” त्यांनी विचारलं.

“माहीत नाही,” मी म्हणाले.

मग तिथे उतरता येईना. पुढच्या थांब्यावर उतरले आणि दोन ट्रंका ओढत मैलभर मागे चालत आले. आई म्हणाली, “बस थांबली नाही का दारात?” मी म्हटलं, झोप लागली होती.

९ मे, बुधवार

जेवताना विषय काढला. शांतपणे काढायचं ठरवलं होतं, तसा काढला.

“बाबा, मारता ते मारता. पण टांगता कशाला? कसाईसुद्धा दारात मुंडकी लावत नाहीत आता.”

बाबांनी सूप संपवलं. “टांगलं म्हणजे लपवलं नाही, एवढंच. ज्याची बाग त्यानं यावं, बघावं. किती मेल्या, कशा मेल्या. मान मोडून मेली की तडफडून, ते टांगलेलीकडे बघून कळतं. माझं काम वाईट झालं तर रस्त्यावरच्या माणसालाही दिसायला हवं.”

“रस्त्यावरच्या माणसाला किळस येते.”

“येऊ दे की. जीव घेतोय, लोणी नाही काढत.”

आई म्हणाली, “पोरगी आठ महिन्यांनी आली आहे. तिला नको वाटतं तर काढा ना. काय देवाची पताका आहे का ती?”

संध्याकाळी खिडकीतून पाहिलं. बाबा पक्कड घेऊन एकेक तार सोडवत होते. सगळ्या बादलीत घातल्या आणि वर पोतं टाकलं. मला बरं वाटायला हवं होतं.

१२ मे, शनिवार

बाबांचं जाकीट आईनं उन्हात टाकलं आहे. स्वतः पकडलेल्या चिचुंद्र्यांच्या कातड्यांचं, आजोबांनी शिवलेलं. हात फिरवला तर कुठल्याही दिशेनं मऊच लागतं. पदवीदानाच्या दिवशी बाबा तेच घालून आले होते, वरून कोट. माझ्या मैत्रिणी समोरून येताना दिसल्या आणि मी हळूच म्हणाले, “बाबा, कोटाची बटणं लावा ना.” गेल्या वर्षीचा जुलै, म्हणजे आमच्याकडचा भर उन्हाळा. बाबांनी वरपासून खालपर्यंत बटणं लावली आणि दिवसभर तशीच ठेवली. फोटोत त्यांचा चेहरा लालबुंद आला आहे. आई तो फोटो सगळ्यांना दाखवते आणि म्हणते, अभिमानानं कसे लाल झाले होते बघा.

आज संध्याकाळी नेहमीप्रमाणे बाबा सायकल काढून गेले आणि सगळ्या शेतांतले सापळे उचलून घेऊन आले. दर शनिवारी उचलायचे, सोमवारी पहाटे पुन्हा लावायचे. रविवारी या गावात कुणी कुदळीला हात लावत नाही. माणसाला चॅपेलची, गावच्या प्रार्थनाघराची, एवढी भीती असावी याचं मला लहानपणापासून नवल वाटत आलं आहे.

१४ मे, सोमवार

पॅरीबाईंकडे गेले होते. गावच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. मला विद्यापीठात पाठवा म्हणून आमच्या घरी तीनदा येऊन बसल्या होत्या. त्यांची हिरवळ म्हणजे गावाचा दिवाणखाना. चॅपेलच्या रविवारी भरणाऱ्या शाळेचा वार्षिक चहा तिथेच होतो, यंदा चार जूनला. आणि तिच्यावर आज सतरा ढिगारे. गेली तीस वर्षं त्या बाबांना बोलावतात. मी म्हटलं, बाई, यंदा मला द्या. न मारता काढून दाखवते.

“न मारता म्हणजे कसं?” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मी अजून चौथीतच आहे असं त्यांच्या नजरेनं वाटतं.

मी सांगितलं. पत्र्याची नळी, दोन्ही तोंडांना आत उघडणारी झडप. बोगद्यात बसवायची. चिचुंद्री आत येते, बाहेर पडता येत नाही. बादलीत घालून नदीपलीकडच्या रानात सोडायची.

“आणि आत असताना खाते काय?”

“वारंवार बघावं लागतं, बाई. चार-पाच तास उपाशी राहिली की संपते. मी बघीन.”

“तुझे वडील काय म्हणाले?”

“त्यांना अजून सांगितलं नाही.”

“मग आधी त्यांना सांग,” बाई म्हणाल्या. “ती बाग त्यांची आहे.”

बाग बाईंची आहे. पण मी वाद घातला नाही.

१५ मे, मंगळवार

सांगितलं. बाबा म्हणाले, “बरं.” मग जेवून उठताना, “अक्रोडाखालचा बोगदा जुना आहे. तिथं बसव. नळीत आधी माती चोळ, पत्र्याचा वास येतो त्यांना.”

तीन नळ्या बसवल्या. माती चोळायचं माझ्या पुस्तकात नव्हतं.

१८ मे, शुक्रवार

मिळाली. पहिली. जिवंत. अक्रोडाखालच्या नळीत. बादलीत सोडली तर पंज्यांनी माती उकरत क्षणात तळाला गेली. सायकलवरून रानात नेऊन सोडली. वहीत नोंद केली: वजन चांगले, पोट भरलेले, नळीत अर्धे गांडूळ, प्राणी ते स्वतःच घेऊन आला असावा.

मी सकाळी नऊला जाते आणि दुपारी चारला. रोज पाचदा जायचं ठरवलं होतं, पण जमत नाही. दोन्ही वेळा सगळं ठीकच असतं.

बाबांना सध्या काम कमी दिसतं. पहाटे बाहेर पडतात, रात्री जेवल्यावर पाय मोकळे करायला जातात, आणि आई ओरडते की काम नाही तर गुडघे कसे मळतात.

२१ मे, सोमवार

तिन्ही नळ्या बाईंच्या फाटकापाशी धुऊन ठेवलेल्या होत्या. रविवार म्हणून बाईंनीच शनिवारी उचलल्या असणार. मला विचारायचं तरी. पुन्हा बसवल्या.

गेथिन टपाल द्यायला आला होता. “काय गं शिकलेले, ऐकलं ते खरं का? चिचुंद्र्यांना हात धरून फिरायला नेतेस म्हणे?” सगळ्या गावात झालंय. शुक्रवारी महिला मंडळानं या विषयावर बोलायला बोलावलं आहे.

२३ मे, बुधवार

मी बाबांच्या पडवीत दोरी शोधत होते. सापळ्यांच्या मागे कोकोचा डबा सापडला. आत ओल्या मातीत गांडुळं, भरपूर. गांडुळं कशाला लागतात हे या धंद्यातल्या घरात सांगावं लागत नाही. पलीकडच्या खोऱ्यातले लोक विष लावलेली गांडुळं बोगद्यात टाकतात. सरकारी परवाना मिळतो. चिचुंद्री तासभर आचके देत मरते. बाबांनी कधी ते केलं नाही म्हणून त्यांचं नाव आहे. मग हा डबा?

विचारलं, “बाबा, ही गांडुळं कशाला?”

ते गोंधळले. “माशांना.”

बाबांनी गळ टाकलेला मी जन्मात पाहिला नाही. माझ्या डोक्यात सगळं जुळलं: ती बाग गेल्याचा राग, पहाटेचं बाहेर जाणं, मळलेले गुडघे. मी म्हणाले, “माझ्या नळ्यांशेजारी विष टाकता आहात का? मी हरावं म्हणून?”

बाबांनी डबा उचलला. बटाट्याच्या वाफ्यापाशी गेले, उघड्या हातानं एकेक गांडूळ काढून मातीत सोडलं, हात पँटला पुसले आणि आत गेले.

आई भांडी घासत होती. ती वळलीसुद्धा नाही. “काय बोललीस ते ऐकलंस का स्वतः?” एवढंच म्हणाली.

माणूस खरा असेल तर उत्तर देतो, असं मला वाटतं.

२५ मे, शुक्रवार

भाषण चांगलं झालं. चाळीस बायका होत्या. ‘दया ही सवयीची गोष्ट आहे’ हे माझं वाक्य सगळ्यांना आवडलं. बाबा आजकाल पहाटे उठत नाहीत. रात्रीही घरीच असतात. म्हणजे माझा संशय बरोबर होता.

२८ मे, सोमवार

दोन.

एक अक्रोडाखाली, एक गुलाबांच्या वाफ्यापाशी. झडपेच्या कडेला नाक सोलवटलेलं. पंज्यांची नखं झिजलेली. हातात घेतली तर वजनच नव्हतं. शुक्रवारच्या भाषणात मी म्हणाले होते की दिवसाला ती आपल्या वजनाच्या निम्मं खाते.

शनिवारी चारला बघितल्या तेव्हा नळ्या रिकाम्या होत्या. उचलायच्या हे मनातच आलं नाही. काल, रविवारी, सकाळी चॅपेल, दुपारी रविवारची शाळा, संध्याकाळी पुन्हा चॅपेल. दुपारी दोनला बाईंच्या फाटकासमोरून गेले. थांबले. पांढरे हातमोजे होते, मागून सगळं गाव चालत येत होतं. रविवारी चिचुंद्रीवाल्याची मुलगी बागेत गुडघ्यांवर बसलेली लोकांनी पाहिली असती. मी स्वतःला सांगितलं, रिकाम्याच असतील. आणि पुढे गेले.

म्हणजे बाबा शनिवारी सापळे उचलतात ते चॅपेलच्या भीतीनं नव्हे. ज्या दिवशी जाऊन बघता येत नाही त्या दिवशी सापळा लावून ठेवायचा नाही. एवढं साधं आहे. माझ्या जन्माच्या आधीपासून दर शनिवारी ते हे करत आले आणि मला भित्रेपणा वाटला.

बिस्किटाच्या डब्यात घालून दोघींना आमच्या खताच्या खड्ड्यामागे पुरलं.

बाई दारात आल्या होत्या. “मिळाल्या का?”

“दोन,” मी म्हणाले. “रानात सोडून येते.”

तोंडातून निघून गेलं. मग रिकामी बादली सायकलला अडकवून मी खरोखर नदीपर्यंत जाऊन आले.

रात्री बाबांनी मोरीत ठेवलेली नळी उचलली, नाकापाशी नेली, खाली ठेवली.

“किती वेळ होत्या आत?”

“थोडाच वेळ.”

त्यांनी मान हलवली आणि नळी पुन्हा, सोड्यानं, धुवायला घेतली.

१ जून, शुक्रवार

हिरवळीवर एकही नवा ढिगारा नाही. बाईंनी माती सारखी करून बी टाकलं. गेथिन म्हणाला की कार्डिफच्या वर्तमानपत्राला कळवायला हवं. मी नको म्हटलं तर म्हणाला, बघा, विनयही शिकवतात विद्यापीठात.

४ जून, सोमवार

चहा झाला. ऐंशी माणसं, लांब टेबलं, मनुकांचा पाव, मुलांच्या शर्यती. ऊन कडक होतं.

पॅरीबाईंनी दोन शब्द बोलताना मला उभं केलं. म्हणाल्या की या बागेत तीस वर्षांत पहिल्यांदा तीन जीव मेले नाहीत, सुटले, आणि हे आपल्या शाळेतल्या मुलीनं केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हिरवळीकडे बघत होते.

गेथिन मोठ्यांदा म्हणाला, “इथेल, लेका, तुझं दुकान बंद झालं. आता पोरीच्या हाताखाली बादली धर.”

सगळे हसले. बाबा किटलीपाशी उभे होते. “धरीन की,” ते म्हणाले. “शिकलेली आहे ती.”

त्यांना माहीत होतं. नळीचा वास घेतल्यापासून त्यांना माहीत होतं, आणि ते सगळ्या गावासमोर हसले. त्यांच्या कोटाची बटणं वरपासून खालपर्यंत लावलेली होती. आज तर मी सांगितलंही नव्हतं.

५ जून, मंगळवार

कालचे कप आवरायला बाईंकडे गेले. आम्ही दोघी धूत, पुसत होतो. बाई सहज म्हणाल्या, “तुझ्या वडिलांनी यायचं का थांबवलं गं मधेच?”

“कुठे?”

“इथे. पहाटे साडेपाचला यायचे आणि रात्री एकदा. गुडघ्यांवर बसून नळ्या बघायचे, डब्यातून गांडुळं घालायचे. पहिल्या शनिवारी नळ्याही त्यांनीच उचलून धुऊन ठेवल्या. मी म्हटलं, इथेल, मुलीला सांगत का नाही? तर म्हणाले, तिचा प्रयोग आहे, बाई, मधे बोलायला नको. मग येईनासे झाले. मला वाटलं तू नीट शिकलीस म्हणून.”

माझ्या हातात कप होता. तो पुसून झाला होता तरी मी पुसत राहिले.

मग सांगितलं. सगळं, दोन वाजता फाटकासमोर थांबले होते तेही. रिकामी बादली घेऊन नदीवर गेले तेही. गांडुळांवरून बाबांना काय बोलले तेही.

बाईंनी मला जवळ घेतलं नाही. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या.

“मी काल ऐंशी माणसांसमोर बोलले, मेरेरिड.”

“हो, बाई.”

“मग मला एकटीला सांगून भागणार नाही.”

घरी आले तेव्हा बाबा पडवीत सापळ्यांना तेल लावत होते. तिथे उभं राहून बोलायचं ठरवलं होतं. पण दोरी हवी आहे, एवढंच मी म्हणाले. त्यांनी दिली.

६ जून, बुधवार

दुपारी चारला खताच्या खड्ड्यामागे जाऊन डबा उकरला. वासाबद्दल लिहीत नाही. बाबांची पक्कड घेतली, तार घेतली, आणि घरासमोरच्या कुंपणावर, जिथे अकरा होत्या तिथेच, दोघींना टांगलं. मधे एक कार्ड लावलं. पॅरीबाईंनी शिकवलेल्या अक्षरात: ‘मी मेरेरिड, इथेलची मुलगी. या दोघी माझ्या नळ्यांत उपाशी मेल्या, रविवारी. रानात सोडल्या असं मी सांगितलं ते खोटं होतं.’ बुधवारी संध्याकाळी प्रार्थनेला सगळं गाव याच रस्त्यानं जातं.

पहिला गेथिन आला. सायकलवरून उतरला, वाचलं. थट्टा करायला तोंड उघडलं होतं ते मिटलं. टोपी हातात घेऊन थोडा वेळ उभा राहिला, ती कुणासाठी ते कळलं नाही, आणि गेला. मग दोघी-तिघी बायका, भाषणाला आलेल्या. एक म्हणाली, “अगं बाई.” दुसरीनं कार्ड पुन्हा वाचलं. मी तिथेच उभी होते. आत जायचं नाही असं ठरवलं होतं.

बाबा प्रार्थनेचे कपडे करून बाहेर आले. कार्ड वाचलं. त्यांना वाचायला वेळ लागतो. मग वाकून दोघींकडे पाहिलं.

“ही नीट लागली नाही. वारा आला की पडेल.” त्यांनी कोट काढला आणि धरायला माझ्याकडे दिला. आत जाकीट होतं. रस्त्यानं माणसं जात होती, आणि मी तो कोट हातावर घेऊन उभी राहिले.

“तार नाकावरून नको. ओठाखालून घालायची, दोन वेढे,” ते म्हणाले आणि एक सोडवून पुन्हा बांधली.

“बाबा, त्या गांडुळांवरून मी जे—”

“बटाट्याच्या वाफ्यात गेली ती. वाफा बरा आलाय यंदा.” त्यांनी पक्कड माझ्यापुढे धरली. “दुसरी तू कर. आणि कार्ड शाईनं लिहिलंस, रात्री पाऊस आहे. सकाळी कोरं होईल.”

दुसरी मी सोडवली आणि ओठाखालून, दोन वेढे घालून, बांधली. मग आत जाऊन तेच सगळं पेन्सिलीनं पुन्हा लिहिलं आणि लावून आले.